एकच शीट राहिलंय

लोहाऱ्याच्या स्टँडवर नऊ जीप होत्या आणि नऊ मालकांचं तोंड एकच होतं. उमरग्याला जायचं तर चाळीस रुपये, आणि जीप गच्च भरल्याशिवाय चाक हलणार नाही. कुणी पस्तीसला नेतो म्हणाला तर दुसऱ्या दिवशी त्याचा नंबरच लागायचा नाही. याला ते नऊ जण शिस्त म्हणत. प्रवासी काय म्हणत, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

या नवांत बब्रुवानचा नंबर चौथा. सतरा वर्षं त्यानं एकच जीप चालवली, आणि ती आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातानं सुरू होत नाही याचा त्याला भारी अभिमान. खरं तर तिचा स्टार्टर बिघडलेला होता, पण अभिमानाला कारण कुठलंही चालतं. त्याची कीर्ती मात्र वेगळ्याच कामात होती. रिकाम्या जीपमध्ये कुणी चढत नाही आणि कुणी चढल्याशिवाय जीप भरत नाही, हे कोडं त्यानंच सोडवलं होतं. ओळखीची चार माणसं आधी फुकट बसवायची आणि बाहेर उभं राहून ओरडायचं, "एकच शीट राहिलंय, बसा की, निघालोच." खरी शीटं येतील तशी बसवलेली माणसं काहीतरी निमित्त काढून एकेक करून उतरायची. म्हातारी हरणाबाई यात पटाईत होती. पिशवी मांडीवर घेऊन ती दर पाच मिनिटांनी "कवा निघणार रं बाबा?" असं इतक्या काकुळतीनं विचारायची, की हिला एकदा पोचवलंच पाहिजे असं खुद्द बब्रुवानला वाटायचं. तिला या कामाचा चहा मिळायचा.

असं सगळं सुरळीत चाललं असताना तारामतीनं टमटम घेतली.

तारामती आधी शाळेत खिचडी शिजवायची. तिला धंद्यातलं काडीचं कळत नव्हतं, असं नऊ जणांचं मत पडलं, कारण आठला सुटते म्हणाली की ती खरंच आठला सुटायची. दोन शीटं असली तरी सुटायची. नऊ जण पोट धरधरून हसले. महिन्याभरात हसणं आटलं. मेथीच्या पेंढ्या घेऊन बाजाराला जाणारी नागूबाई सतरा वर्षं बब्रुवानच्या जीपशिवाय कशात बसली नव्हती; तीसुद्धा टमटमपाशी उभी राहू लागली. बब्रुवानला ते फार लागलं. बायको रुसून माहेरी गेली असती तरी इतकं लागलं नसतं.

तारामतीला उठवायचं म्हणून नवांनी भाडं चाळिसाचं तीस केलं, तिसाचं वीस आणि विसाचं दहा. जीप भरभरून वाहू लागल्या, पण दहा रुपयांत उमरगा बघून येऊ म्हणणाऱ्या रिकामटेकड्यांनी. डिझेलचा खर्चही निघेना. तारामती आपली तीस रुपयांवर ठाम राहिली आणि ज्यांना खरोखर कुठं पोचायचं होतं ते तिच्याकडं गेले.

मग नवांत थोरला जो कल्याणप्पा, त्यानं आपला भाचा आणला. कुलदीप धाराशिवला राहून व्यवस्थापनाचा कोर्स केलेला. त्यानं जीपच्या बॉनेटवर कागद पसरून एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा काढल्या, छेदाच्या जागी गोल केला आणि तुमचं सुख इथं आहे असं सांगितलं. नऊ मालक म्हणजे नऊ भांडणं. सगळ्यांनी मिळून एक कंपनी काढा, जीप कंपनीच्या नावावर करा, बाजार आपोआप मुठीत येईल.

बब्रुवाननं आपल्या जीपच्या दारावर हात ठेवला. जीप गेली तर त्याच्याकडं उरत काय होतं? माझी जीप चालवणार कोण, एवढंच त्यानं विचारलं.

"तूच की," कल्याणप्पा म्हणाला. "तुज्याबिगर ती सुरू तरी हुती का?"

बब्रुवान खूश झाला आणि त्यानं हात वर केला. स्टँडची रीतच तशी होती. एक हात वर गेला की पाठोपाठ आठ जायचे. कशासाठी ते चहा पिताना विचारायचं. सतरा वर्षांत एकही ठराव आठ हातांनी पास झाला नव्हता.

कंपनी झाली. तिला अध्यक्ष एकच असतो हे कळल्यावर आठ जण रुसले, म्हणून कुलदीपनं आणखी आठ पदं काढली. शंभू टायर विभागाचा प्रमुख झाला. बब्रुवानच्या वाट्याला बसवणूक विभाग आला, आणि बसायला एक खुर्ची. मग पदाधिकाऱ्यानं स्टेअरिंग धरणं शोभत नाही, असा ठराव आला. नऊ हात वर गेले. चालवायला पगारी ड्रायव्हर ठेवले, आणि नऊ साहेब नऊ ड्रायव्हर पोसायचे म्हणून भाडं साठ केलं. बब्रुवानच्या जीपवर सुरज नावाचा गडी आला. त्यानं पहिल्याच दिवशी स्टार्टर दुरुस्त करून घेतला. जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. बब्रुवान खुर्चीतून उठून स्टँडमागं गेला आणि बराच वेळ आला नाही.

साठ रुपये देऊन कोण बसणार? मग बसवणूक विभागाचं काम वाढलं. चार माणसांची सहा झाली, सहाची नऊ, आणि पुढंही वाढतच गेली. चहाच्या जागी भत्ता सुरू झाला. सुरजला ताकीद होती, की अकरा डोकी झाली की निघायचं. एका बाजाराच्या दिवशी त्यानं डोकी मोजली, अकरा भरली, आणि तो निघाला. अकराही डोकी बब्रुवानच्या विभागाची होती. उमरग्यात पोचल्यावर भाडं कुणीच दिलं नाही. उलट सगळ्यांनी परतीची सोय आणि जेवण मागितलं. हरणाबाईनं तेवढ्यात बाजार करून घेतला.

संध्याकाळी बैठक बसली. आता आपली उचलबांगडी होणार आणि परत जीपवर बसायला मिळणार, या आशेनं बब्रुवान आतून हरखला होता. पण कुलदीपनं अहवाल वाचला: जीप शंभर टक्के भरली, वेळेत सुटली, कंपनीच्या इतिहासात प्रथमच. टाळ्या झाल्या. जी जीप इतकी छान भरते ती रस्त्यावर झिजवायची कशाला, ती कायमची स्टँडवर ठेवावी, लोकांना भरलेली दिसावी, आणि तिची चाकं काढून दुसऱ्या जीपला लावावीत, असा शंभूनं ठराव मांडला. हात वर गेले. कल्याणप्पानं मोजले. नऊ.

नववा आपला आहे, हे बब्रुवानला हात वर गेल्यावर दिसलं.

"माजी जीप हाय ती," तो म्हणाला.

"कंपनीची हाय," कल्याणप्पा शांतपणे म्हणाला. "आन् हात तूच वर केलास की."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप चार दगडांवर उभी होती. उमरग्याला एका वीटभट्टीवर ड्रायव्हर पाहिजे असं बब्रुवाननं ऐकलं होतं. खुर्चीकडं न बघता तो टमटमपाशी गेला. आत नागूबाई एकटीच होती. तिनं पेंढ्या सरकवून जागा केली. भरल्यावर निघणार का, असं त्यानं सवयीनं विचारलं.

"न्हाय भाऊ, आठ वाजले की," तारामती म्हणाली. "पाच मिन्टं हायती."

तो चढणार तेवढ्यात मागनं हाक आली. बिनचाकाच्या जीपमध्ये दहा माणसं दाटीवाटीनं बसली होती, आणि खिडकीतून हरणाबाई पिशवी सावरत हात हलवत होती.

"बब्रुवान, तिकडं कुठं जातूस? एकच शीट राहिलंय. बस की, निघालोच."

सतरा वर्षं हे वाक्य तो लोकांना ऐकवत आला होता. ते ऐकताना किती खरं वाटतं, हे त्याला आज कळलं. त्याचा एक पाय टमटममध्ये होता, तो त्यानं खाली घेतला.