भाऊजींचं सेटिंग

भाऊजी आले की घरातली यंत्रं बिघडतात आणि मग तेच ती दुरुस्त करतात, असं धाकटीचं निरीक्षण होतं. ते ती कुणाला बोलून दाखवत नसे, कारण आईच्या घरात थोरल्या जावयाबद्दल निरीक्षणं करायची पद्धत नव्हती. जावईबापू म्हणाले की फ्रिज डावीकडे हवा, की फ्रिज डावीकडे सरके. आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघराचं दार अर्धंच उघडे. सगळे कडेकडेने आत जात आणि हवा छान खेळते म्हणत.

आजची गोष्ट मात्र फ्रिजवर भागणारी नव्हती. धाकटी रंगांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला होती. डब्यातला निळा मागच्या खेपेच्या निळ्याइतकाच निळा आहे ना, हे दिवसभर तपासायचं आणि घरी येऊन पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची. पुस्तकांची ध्वनिमुद्रणं काढणाऱ्या एका प्रकाशन संस्थेला मुलांसाठीच्या विज्ञानाच्या पुस्तकांची अख्खी मालिका वाचून हवी होती. ते काम मिळालं तर निळा तपासणं कायमचं सुटणार होतं. पण तिने पाठवलेल्या नमुन्यावर संपादकबाईंचं उत्तर आलं: वाचन आवडलं, पण तुम्ही बाथरूममध्ये बसून वाचता का? आज ऑफिस सुटायच्या आत स्वच्छ नमुना पाठवा, नाहीतर दुसऱ्या बाई तयार आहेत.

"मग जावईबापूंना बोलाव की," आई म्हणाली. "यंत्र त्यांनीच दिलंय ना?"

दिलं होतं, खरंच. भाऊजींना मध्यंतरी गायचा नाद लागला तेव्हा त्यांनी माइक आणि ऑडिओ इंटरफेस घेतला होता; नाद सुटल्यावर दोन्ही वाजतगाजत धाकटीकडे आलं. इंटरफेस म्हणजे एक काळी डबी. माइकची वायर तिच्यात जाते, तिथून दुसरी वायर कॉम्प्युटरकडे जाते, आणि हेडफोन डबीलाच लागतो. पण देताना भाऊजींनी डबीच्या बटणांवर चिकटपट्ट्या मारल्या होत्या. "सेटिंग परफेक्ट आहे, हलवायचं नाही." मागच्या रविवारी तर त्यांनी तिचा लॅपटॉपही अपडेट करून दिला आणि तिथलंही काही हलवायचं नाही असं बजावून गेले. बाथरूम सुरू झालं ते तेव्हापासून. धाकटीने हेही निरीक्षण मनातच ठेवलं.

भाऊजी दुपारी आले ते रजई, स्पंजच्या लाद्या आणि सोनेरी टोकांची वायर घेऊन.

"काय मेहुणीबाई, बिघडवलंत ना?"

"मी हात नाही लावला, भाऊजी. गंमत अशी आहे की हेडफोनमध्ये माझा आवाज स्वच्छ येतो, पण फाइल ऐकली की लांबून आल्यासारखा. म्हणजे माइकपासून डबीपर्यंत सगळं ठीक असावं. आपण एका वेळी एकच गोष्ट बदलून बघू या का?"

"ते तुमच्या प्रयोगशाळेत," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी एका दमात वायर बदलली, माइक उलट्या कोपऱ्यात नेला, भिंतीला स्पंज चिकटवला आणि टेबलाची दिशा फिरवली. आवाज होता तसाच राहिला. मग त्यांनी फ्रिज बंद करायला लावला. मग बाबांच्या खोलीतला पंखा.

"मी दोन खोल्या पलीकडे आहे," बाबा म्हणाले.

"कंपनं, बाबा. कंपनं भिंतीतून येतात."

बाबांनी पंखा बंद केला आणि वर्तमानपत्राने वारा घेऊ लागले. थोड्या वेळाने आईने येऊन वर्तमानपत्रही काढून घेतलं. ते सळसळत होतं.

शेवटी रजई आली. कपडे वाळत घालायच्या घोडीवर ती टाकून भाऊजींनी एक तंबू उभा केला आणि त्यात खुर्ची, माइक आणि धाकटी यांना कोंबलं. लॅपटॉप बाहेर, खिडकीजवळच्या टेबलावर. "तू फक्त वाच. बाकी मी बघतो." अंधारात मोबाइलच्या उजेडात, कानांवर घट्ट हेडफोन लावून, घामाने निथळत तिने पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेवरचा धडा वाचला. विषय अगदी मुरला.

ती बाहेर आली तेव्हा भाऊजी हाताची घडी घालून उभे होते. डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांकडे पाहतात तशा चेहऱ्याने त्यांनी आईकडे पाहिलं.

"आई, खरं सांगायला हवं. दोष यंत्रात नाही. यंत्र मी दिलेलं आहे. आवाजातच तो पोकळपणा आहे. माइक खोटं बोलत नाही."

"लहानपणी सर्दी फार व्हायची तिला," आई हळूच म्हणाली, जणू जुना गुन्हा उघडकीला आला होता.

"मालिका वगैरे नको धरू मनात," भाऊजी धाकटीला म्हणाले. "नोकरी चांगली आहे तुझी. आई, चहा टाका."

दोघं कडेकडेने स्वयंपाकघरात गेली. धाकटी टेबलाशी बसली. वाईट याचं वाटत होतं की क्षणभर तिचा विश्वास बसला होता. संपादकबाईंनीही शेवटी लांबूनच येणारा आवाज ऐकला होता. कोण जाणे, असेलही आवाज पोकळ. पण पडताळा न घेता निकाल मानायची सवय नव्हती, म्हणून तिने तंबूतली फाइल पहिल्यापासून लावली.

तिचा आवाज आला, शेजारच्या घरातून यावा तसा. आणि त्याच्यावर, अगदी कानाशी, भाऊजींची कुजबुज.

"हॅलो, अरे ते काळं डबडं असतं ना, त्यात माइकची वायर पुढून घालायची की मागून? ... छे, मॅन्युअल कोण वाचतं. ... अरे इथे सगळे मलाच विचारतात, नाही कसं म्हणू. ... जाऊ दे, तिचा आवाजच तसा आहे म्हणून सांगतो. चहा घेऊन सटकतो."

राग यायला हवा होता. आलाही, पण त्याच्या आधी कुतूहल आलं. माइक तंबूत, तिच्या तोंडासमोर. भाऊजी बाहेर, खिडकीशी, कुजबुजत. मग फाइलमध्ये ती लांब आणि भाऊजी जवळ कसे? असं ऐकणारा माइक दुसराच कुठला तरी असायला हवा होता, आणि तो तंबूत नव्हता.

तिने रेकॉर्डिंग सुरू केलं, तंबूत हात घालून माइकच्या जाळीवर पेन्सिल ठोकली. हेडफोनमध्ये कानठळ्या बसल्या. पडद्यावरची रेघ जेमतेम हलली. मग लॅपटॉपच्या कडेवर नख घासलं. रेघ पार वर उसळली.

लॅपटॉप त्याच्या पोटातल्या चिमुकल्या माइकने ऐकत होता. डबी माइकचा आवाज थेट हेडफोनला देत होती, त्यात कॉम्प्युटरचा काही संबंधच नव्हता. म्हणून कानात सगळं झकास आणि फाइलमध्ये बाथरूम. तिने हलवायचं नाही असं बजावलेलं सेटिंग उघडलं. आवाज कुठून घ्यायचा, या प्रश्नापुढे लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडलेला होता. रविवारी अपडेट करताना भाऊजींनी डबी काढून ठेवली, हे निवडलं आणि डबी परत जोडली तरी ते तसंच सोडून दिलं. रजई, स्पंज, सोनेरी वायर, बाबांचा पंखा, हा सगळा थाट ज्या माइकसाठी चालला होता, त्याचं कुणी ऐकतच नव्हतं.

तिने डबीचं नाव निवडलं. चिकटपट्ट्या सोलल्या. रजई काढली, कारण श्वास घेणं तिला आवडत असे. स्वयंपाकघरातून भाऊजी आईला स्पंजच्या दर्जाबद्दल सांगत असल्याचं ऐकू येत होतं. तिने दार लावून घेतलं, धडा वाचला, ऐकला आणि पाठवून दिला. आवाज पोकळ नव्हता. तिचाच होता, जरा चिडलेला. पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेला तो शोभून दिसला.

भाऊजी दुसऱ्या चहावर असताना उत्तर आलं: मिळालं. आता कसं छान ऐकू येतंय. मालिका तुमची, सोमवारी बोलू.

तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं. आई उठलीच.

"झालं? जावईबापू, केलंत हो तुम्ही."

"रजई," भाऊजी लगेच म्हणाले. "मला वाटलंच होतं, रजईचा परिणाम जरा उशिरा होतो. असं करू, मालिका मोठी आहे, सुट्टीच्या दिवशी मीच येऊन बसत जाईन रेकॉर्डिंगला. तिला एकटीला नाही जमायचं."

"बरं होईल," आई म्हणाली.

धाकटीने क्षणभर विचार केला. मग लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"भाऊजी, तंबूतलं रेकॉर्डिंग एकदा ऐका ना. तुमचं मत हवंय."

भाऊजींनी ऐटीत हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि जाणकारासारखी मान हलवायला लागले. मान हलायची थांबली. डोळे उघडले. कानांचा रंग बदलत गेला, आणि तो मागच्या खेपेच्या लालाइतकाच लाल आहे की नाही, हे धाकटीने सवयीने तपासलं. बराच वेळ ते हेडफोन काढेनात, कारण काढला की काहीतरी बोलावं लागणार होतं.

"कसं आहे?" आईने विचारलं.

"स्पष्ट आहे," भाऊजी म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिलं. "सुट्टीचं मात्र जमेलसं वाटत नाही मला. कामं असतात."

"पण बिघाड सापडला कसा शेवटी?" बाबांनी दारातून विचारलं. त्यांनी येता येता पंखा लावला होता.

"भाऊजींमुळेच," धाकटी म्हणाली. "त्यांचा आवाज ऐकला आणि सापडला."

आईने कौतुकाने जावयाकडे पाहिलं आणि त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. भाऊजींनी तो खाली मान घालून, मुळीच आवाज न करता संपवला.