त्यागाची पेटी

पेटीचं झाकण उघडलं आणि घंटेच्या दोरीला उलटं लटकलेलं वटवाघूळ सुलटं होऊन बसलं. खोटं वाटत असेल तर चर्चची झाडलोट करणाऱ्या मावशीला विचारा. तिनं नाक दाबून, पण डोळे उघडे ठेवून पाहिलंय.

चर्चच्या मंडळीची रीत अशी, की चाळीस दिवसांचा उपासकाळ लागला की प्रत्येक घरानं जिभेची लाडकी वस्तू सोडायची आणि बंद डब्यात घालून या पेटीत ठेवायची. झाकणावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं, ‘प्रभूसाठी’. उपास संपला की पेटी मागच्या वृद्धाश्रमात जायची. त्या दिवशीचं तिथलं जेवण तेच. मावशीची थोरली बहीण तिथंच होती, आणि आज सकाळपासून उरलेले दोन दात घासून वाट बघत होती.

पेटीत काय होतं? मासळीचा डबा नवव्या महिन्यातल्या बाईसारखा फुगलेला. चॉकलेटच्या खोक्यात नुसते चुरगळलेले कागद. मधात कुणाचा तरी चाटलेला चमचा.

शेजारच्या हॉलमध्ये मंडळीचं जेवण मांडलेलं. भाजलेलं मांस, ताजा पाव, हातभर उंचीचा केक. बिल्डरीणबाई तिथून नाक मुरडत आल्या.

“मावशी, पेटी हलवा हो! जेवणाचा वास मरतोय.”

“हे चीज तुमचं ना, बाई?”

“हो! सोडताना जीव नुसता तळमळला माझा.”

“तरीच. सोडता सोडता दात उमटलेत.”

“अहो, म्हाताऱ्यांना काय कळतंय?”

“म्हाताऱ्यांचं सोडा. झाकणावर नाव कुणाचं आहे?”

बाई फणकाऱ्यानं गेल्या. मावशी तावातावानं तळापर्यंत उपसत गेली, आणि तळाशी तिची स्वतःची जॅमची बरणी निघाली. जॅमला हिरवी दाढी फुटलेली. ठेवतानाच मिसरूड होतं की! ‘टाकून देण्यापेक्षा बरं,’ असं म्हणून तिनंच सगळ्यांच्या आधी ठेवली होती. आता मात्र तिला स्वतःचीच किळस आली.

ती उठली. पेटीतलं सगळं तिनं हॉलमधल्या ताटांत वाढलं. आपली बरणी आपल्या ताटात.

चर्चचे पाळकसाहेब आले, डोळे मिटून हात जोडले. “हे प्रभू, या अन्नाबद्दल...” नाकपुड्या थरथरल्या. एक डोळा उघडला. “मावशी, हे काय?”

“प्रभूला वाढलेलं जेवण, साहेब. आपण सगळ्यांनी मिळून वाढलंय. माझंही आहे, ही बघा दाढी. माना आभार.”

साहेबांचं आमेनसुद्धा अडकलं. कुणीतरी पिशवीत ओकलं. बिल्डरीणबाई म्हणाल्या, “शी! हे कोण खाणार?”

“तेच विचारतेय मी,” मावशी म्हणाली.

पाळकसाहेबांनी मांसाचं पातेलं उचललं आणि मागच्या दारानं वृद्धाश्रमाकडे निघाले. पाठोपाठ दोघांनी पाव घेतला. केक मावशीनं स्वतः नेला. बिल्डरीणबाईंची नजर त्याच्यामागून दारापर्यंत गेली.

“एवढा उशीर का गं?” बहिणीनं विचारलं.

“पेटी साफ करत होते.”

बहीण दोन दातांनी मन लावून चावत राहिली. मावशीनं तिचं तोंड पुसायला हात पुढं केला, हाताला अजून तोच वास येत होता. तिनं हात मागं घेतला, आणि आधी धुवायला गेली.