डोळे मिटलेला फोटो बाद

पासपोर्टचे फोटो काढण्यात माझी बावीस वर्षं गेली. 'हलू नका' एवढ्या एका वाक्यावर माझं पोट भरलं. त्यामुळे वहिनीने त्यांच्या कुत्र्याचा, ढब्बूचा, पळतानाचा फोटो मागितला तेव्हा मी आधी हसलेच.

मग तिने खरं कारण सांगितलं. पायात गाठ झाली म्हणून महिन्यापूर्वी त्याचा मागचा एक पाय कापावा लागला. कागदावर सही माझ्या भावाची. तेव्हापासून दादा त्याला हाताने भरवतो, पण तो धावू लागला की बघत नाही. मीच त्याला लंगडा केला, म्हणतो. निदान फोटोत तरी त्याने बघावं, एवढंच तिला हवं होतं.

रविवारी सकाळी आम्ही मैदान गाठलं. पलीकडे दादा पट्टा धरून उभा. वहिनीने माझ्या शेजारून हाक मारायची. पहिल्या खेपेला शटर स्टुडिओतल्या सवयीने सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागावरच राहिलं. फोटोत नुसता तपकिरी फराटा. शटर दोन हजारावर नेलं, तर फोटो काळाकुट्ट. भिंग पूर्ण उघडलं, आयएसओ वाढवला. उजेड आला, पण फोकस ढब्बू मघाशी होता तिथल्या गवतावर. बावीस वर्षांची पार शोभा झाली. शेवटी फोकस सतत त्याच्या मागे राहील असा लावला, एका दमात बारा फोटो निघतील असं केलं आणि गवतात पालथी पडले.

ढब्बू सुटला. नंतर स्क्रीन पाहिली. तिन्ही पाय जमिनीवरून सुटलेले, कान मागे, सावली खाली एकटीच. पळताना दिसणारा तो हेलकावा इथे कुठेच नव्हता. चौथा पाय असता तरी त्या क्षणी त्याला काही काम नसतं. इतकं पूर्ण असं काही मी कधी पाहिलं नव्हतं.

मग मागे लक्ष गेलं. दादा जरा धूसर, पण डोळे मिटलेले. एकाच फोटोत असते तर पापणी लवली म्हटलं असतं. बाराही फोटोंत मिटलेले होते.

मी त्याला काही दाखवलं नाही. एवढंच म्हटलं, "दादा, डोळे मिटलेला फोटो मी कुणाला देत नाही. परत काढावा लागेल."

 तो ढब्बूला घेऊन पुन्हा पलीकडे गेला, बराच वेळ पट्टा धरून थांबला आणि मग सोडला.

ढब्बू अर्ध्यात आला असेल, तेवढ्यात पलीकडून दादाचा आवाज आला. "अगं, हा तर उडतोय."

फोटोत दादाचे डोळे ओले होते, पण उघडे. तो मी पास केला.