अंगठ्याएवढा खळगा

मी नळी बोलतेय. तुमच्या मोरीतली पाण्याची नळी नव्हे हो! समुद्राच्या तळात घुसून तिथला गाळ वर आणणारी लोखंडी नळी. पुरुषभर लांब, मनगटाएवढी जाड. दापोडीला रेल्वेच्या रुळांशेजारी एका कारखान्यात ज्योतीरामनं मला घडवलं. माणूस पिंपळे सौदागरचा. घरी शेती, पण जीव सगळा लेथवर. माझ्या तोंडाला धार लावताना पुटपुटायचा, "बाई, नीट घूस बरं. अर्ध्यात अडकलीस तर चारचौघांत माझं नाक कापलं जाईल."

त्याचा उजवा अंगठा चिरलेला होता. लहानपणी विळ्यानं दोन फाका झाल्या होत्या. आईनं हळद दाबून चिंधी बांधली. फाका जुळल्या, पण वाकड्याच.

सत्तावन्न सालच्या फाल्गुनात कोकणकिनाऱ्यासमोर तळाचा नकाशा करायला बोट निघाली. मला हाताळायला ज्योतीरामच हवा, म्हणून त्यालाही नेलं. त्यानं तोवर समुद्र पाहिलाच नव्हता. दिवसभर दोर सोडून खोली मोजणं चाललेलं. पण खोली कळली म्हणजे तळ कळला का? विहीर किती खोल ते दोरानं कळेल, तिच्या बुडाशी खडक आहे की चिखल, ते कसं कळणार? त्यासाठी मी.

वजन बांधून मला सोडलं. मी खाली गेले, खच्चून घुसले, गाळानं भरले. वर येताना मात्र माझ्या खालच्या तोंडाची झडप बोटभर उघडीच अडकली. गाळ निसटायला लागला. ज्योतीरामनं आव पाहिला न ताव, अंगठा माझ्या तोंडात खुपसला आणि लाकडी बूच येईपर्यंत तसाच दाबून धरला. मग बूच ठोकलं, वर मेण ओतलं. "राहिलं गं बाई सगळं आत," म्हणाला आणि हसला.

लगेच दुसरी नळी सोडायला घेतली. तिचा दोर त्याच्या पायात अडकला. हां हां म्हणता पाण्यात गेला. ओरडायलाही सवड मिळाली नाही. पुष्कळ शोधलं, पण अंगावरचा कपडासुद्धा हाती आला नाही.

मला दापोडीला परत आणलं. पत्र्याच्या शेडमध्ये उद्धवराव मास्तर समुद्रतळाची मोजणी शिकवायचे, तिथं कोपऱ्यात उभी केली. पावसाळा तिथंच गेला. कार्तिकात एकदा मला टेबलावर आडवी घातली. मास्तरांच्या हातात सुरी होती.

"गाळ एकावर एक बसत जातो," ते पोरांना सांगत होते. "खालचा सर्वांत जुना, वरचा सर्वांत नवा. वाळू जड, ती किनाऱ्याजवळ बसते. बारीक माती लांब जाते आणि सावकाश बसते. वरच्याच्या ओझ्यानं खालचा गाळ घट्ट होतो. हाताळताना दोन्ही टोकं बिघडतात, म्हणून ती आधी कापून फेकायची."

फेकायची! नका हो, मी ओरडले. पण लोखंडाचं कोण ऐकतो?

तेवढ्यात दारात ऐकत उभ्या असलेल्या दोन बायका आत आल्या. ज्योतीरामची बायको छबूबाई आणि त्याची आई कौशल्याबाई.

"मास्तर," छबूबाई म्हणाली, "ह्यातली मूठभर माती द्या. आमच्या मानसाचं कायबी गावलं न्हाई. क्रियाकर्म करू कशावर?"

"कसलं क्रियाकर्म?" म्हातारी कडाडली. "माझा ल्योक येनार हाय."

"ऐकलंत? आत्याबाई रोज सकाळी सोता माझ्या कपाळाला कुकू लावत्यात. गावात कुनी हळदीकुकवाला बोलवत न्हाई, अन् घरात ह्या रडू देत न्हाईत. मग मी हाय तरी कोन?"

मास्तर गोरेमोरे झाले. "बाई, ह्यात त्याचं काही नाही हो. हा गाळ तो जायच्या आधी वर आलाय. शेकडो वर्षांचा आहे."

"वरचा नवा म्हनलासा न्हवं आत्ता? मग वरचाच द्या. आमचं मानूस आत्ताच गेलंय."

पोरांच्या माना खाली गेल्या. काहीतरी करायचं म्हणून मास्तरांनी माझ्या तोंडाचं मेण खरवडलं, बूच काढलं आणि सवयीनं सुरी टेकवली.

"थांबा!" म्हातारी ओरडली.

गाळात खळगा होता. तळाचा घट्ट गाळ, म्हणून तो बुजला नव्हता. अंगठ्याएवढा, आणि मधोमध चिरेची वाकडी रेघ. म्हातारी वाकली. रेघेवरून नजर फिरवली. मग बोट हळूच खळग्यात घातलं.

"माझ्या पोराचं बोट असलं गार कधीच न्हवतं गं," ती म्हणाली.

बोट बाहेर काढलं. वळून सुनेसमोर उभी राहिली आणि रोज जिथं कुंकू रेखायची, तिथंच त्या गाळानं भरलेल्या बोटानं ते पुसून टाकलं. छबूबाई हेच मागायला आली होती ना? तरी तिनं असा टाहो फोडला की पत्रा हादरला. म्हातारीनं तिला कुशीत ओढलं. "रड बाई, आता रड," म्हणाली.

मास्तरांनी तो तुकडा कापला, पण फेकला नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून दिला. पवनेच्या काठी पळसाच्या पानांचा देह केला, त्यात तो ठेवला आणि अग्नी दिला, असं पोरं बोलताना ऐकलं.

बाकीचा गाळ थराथरानं मापला गेला. नकाशावर त्या जागी "चिखल" असा शब्द आला. ज्योतीरामचं नाव कुठं नाही. नकाशात माणसं लिहीत नाहीत म्हणे.

आता मी रिकामी आहे. उद्या पुन्हा बोटीवर जायचंय, नव्या माणसाच्या हाती. पोरांनो, त्याला एवढं सांगा, की दोर सोडताना आधी पायाखाली बघ. आणि मला धुवाल तेव्हा तोंडाची आतली कड जरा हळू घासा.