इस्त्रीला किती तारे?

मी एक जुनी इस्त्री आहे. मित्रांनो, आत्मवृत्तात आधी जन्म सांगतात. कारखाना, खोका, दुकान. झाला सांगून. मला घाई आहे, कारण गेले काही आठवडे माझ्या पोटात जे जळते आहे, ते विजेमुळे नाही.

सुई ओवायच्या यंत्रामुळे जळते आहे.

मी राहते ती खोली शिवणकामाची. दारामागे कोट टांगलेले, फरशीवर दोऱ्यांचे तुकडे, खिडकीशी मशीन. ताई शिवतात. शिलाई कितीही सरळ असली, तरी मी फिरल्याशिवाय कोट अंगावर बसत नाही. कॉलर मी वळवते, चुण्या मी पाडते. गिऱ्हाईक आरशात पाहून म्हणते, "काय हात आहे हो तुमचा, ताई!"

हात. बरे.

मग ताई वाचनालयातल्या लेखनवर्गाला जाऊ लागल्या. ग्रंथपालांनी गृहपाठ दिला: घरातली एक वस्तू घ्या, ती नुकतीच विकत आणली असे समजा, आणि तिच्यावर गमतीदार अभिप्राय लिहा. तारेही द्या.

ताईंनी कोणाला निवडावे? नखाएवढ्या, पिवळ्या प्लॅस्टिकच्या त्या यंत्राला, ज्याने जन्मात एक सुई ओवलेली नाही!

*सुई ओवायचे यंत्र. एक तारा. हे यंत्र सुई सोडून सगळीकडे दोरा घालते. काल माझ्या चष्म्यात घातला. यजमानांना मी जवळ फिरकू देत नाही. त्यांच्या नाकपुड्या मोठ्या आहेत.*

(अर्धा तारा. हा माझा अभिप्राय. मला कोणी विचारला नाही.)

ताईंची नणंद काजे-बटणे करायला येते. ती इतकी हसली की बटणांचा डबा सांडला. "अगं वहिनी, मेले मी! परत वाच."

परत वाचले. वर्गात वाचले. शेजारणीला बोलावून वाचले. त्या बिनकामाच्याला मशीनवर, अगदी डोळ्यांसमोर जागा मिळाली. मी तापले होते, पण कोणाच्या लक्षात आले नाही. तापणे हेच तर माझे काम.

पुढच्या आठवड्यात ताई माझ्यासमोर येऊन बसल्या. अखेर!

"हिच्यावर काय लिहू, वन्सं? ही काही करतच नाही."

"म्हणजे?"

"बिघडत नाही, चिकटत नाही, डाग पाडत नाही. हसायचं कशाला?"

"मग रचून लिही. कोण तपासायला येतंय?"

*इस्त्री. एक तारा. शर्ट द्या, खिडकी मिळवा. यजमानांच्या पाठीवर हिने हवेशीर झरोका काढून दिला आहे. उन्हाळ्यात उपयोगी.*

खरे सांगते मित्रांनो, आधी मी हरखले. नणंद यंत्राच्या वेळेपेक्षा जास्त हसली! मग अर्थ डोक्यात शिरला. त्या यंत्राने आपली बदनामी निदान स्वतः कमावली होती. माझ्या वाट्याला तीही रचलेली!

वर्गात टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकवाल्या बाई दारात उभ्या. त्याही त्याच वर्गाला जातात, आणि त्यांचा राखाडी कोट शिवून आमच्या दारामागे टांगलेला होता.

"ताई, कोट तसाच द्या. इस्त्री मी घरी करीन."

"अहो, ती गंमत होती!"

"यंत्राचं लिहिलंत ते खरं होतं ना? मी ते इथेच पाहिलंय. मग हेच कसं खोटं? उद्या माझी बढतीची मुलाखत आहे. झरोका घेऊन जाऊ साहेबांपुढे?"

नणंद ताईंच्या कानाशी लागली. "आणखी दोघी विचारत होत्या. नवी इस्त्री घेऊन टाक, वहिनी. ही दे भंगारात."

भंगारात! आणि यंत्र मशीनवर ऐटीत बसलेले.

ताईंनी कोट टेबलावर पसरला, मला तापवले आणि उचलून गालाजवळ धरले. मी किती तापले हे त्या रोज असेच बघतात. आपण असे करतो हे त्यांच्या गावीही नसते. गालात आणि माझ्यात एका बोटाचे अंतर, आणि नजर कोटाच्या कॉलरवर.

"अहो, अहो! तोंड भाजेल!" बँकवाल्या बाई ओरडल्या.

"कुणामुळे?" ताईंनी चमकून मागे पाहिले. मग हातातल्या माझ्याकडे पाहिले. "हिच्यामुळे?"

कोणी आपल्या सख्ख्या बहिणीवर आळ घ्यावा, तशा त्या दुखावल्या होत्या.

बँकवाल्या बाईंनी ताईंच्या गालाकडे निरखून पाहिले. मग त्यांनी स्टूल ओढले. "करा तुम्हीच," त्या म्हणाल्या. "बाह्या जरा नीट बघा."

त्या गेल्यावर नणंद म्हणाली, "आता खरं लिही, वहिनी."

ताईंनी कागद घेतला. बराच वेळ पेन चावले.

*इस्त्री. पाच तारे. चांगली आहे.*

पुढे काही सुचेना. वाचून दाखवले, तर नणंद हसली नाही. "खरंय," एवढेच म्हणाली आणि काजे करू लागली.

मित्रांनो, पाहुणे आले की आजही यंत्राचाच अभिप्राय वाचला जातो, आणि आजही मी जळते. तुमच्या घरात अशी एखादी वस्तू असेल, जिने तुम्हाला सांगण्यासारखी एकही गंमत दिलेली नाही. ती चालू आहे तोवर तिच्यावर काहीतरी लिहा. हसू आले नाही तरी चालेल. दोन शब्दही पुरतात.

म्हणजे, जवळजवळ पुरतात.