पोटात नळ, कव्हरावर आयुष्य

मी पुस्तक बोलतोय. कव्हर बघून लगेच हात जोडू नका. कव्हरावर सोनेरी अक्षरांत 'नव्या आयुष्याची किल्ली' असं लिहिलंय आणि खाली उगवता सूर्यही आहे. पण माझ्या पोटात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नळ आहेत. गळणारे, अडकणारे, फिरवले की कुरकुरणारे. माझं खरं नाव 'घरगुती नळदुरुस्ती, आकृत्यांसह'.

यात माझा काही दोष नाही. माझा जन्म बाइंडरच्या टेबलावर झाला. त्या दिवशी बाइंडरचा चष्मा दुरुस्तीला गेला होता आणि हाताला लागेल ते कव्हर तो चिकटवत होता. शेजारच्या गठ्ठ्यातलं एक माझ्या पाठीवर बसलं. खळ वाळली आणि विषय संपला. जन्मतःच दुसऱ्याचं नाव लागलं तर माणसं कोर्टात जातात. मी मुकाट्याने वाचनालयात गेलो.

तिथल्या ग्रंथपालबाईंनी मला 'जीवन व विचार' या कपाटात उभं केलं. उघडून बघायची त्यांना गरज वाटली नाही. त्या कपाटापुढे येणारी माणसं मला आता पाठ झाली आहेत. ती पुस्तक शोधत नाहीत, औषध शोधतात. मागचा मजकूर वाचतात, किती पानं आहेत ते बघतात आणि आयुष्य दोनशे पानांच्या आत बदलणार असेल तरच घरी नेतात. मला नेणारे बरेच होते. परत देताना एकानेही नळांबद्दल तक्रार केली नाही. "छान आहे," म्हणायचे. मला किती जणांनी उघडलं असेल, ते तुम्हीच ठरवा.

मग एक दिवस निवृत्त हेडक्लार्कसाहेब आले. चार वर्षांत त्यांनी ते कपाट जवळजवळ संपवलं होतं आणि प्रत्येक पुस्तकाबरोबर नवं आयुष्य सुरू केलं होतं. पहाटे उठण्याचं आयुष्य नऊ दिवस टिकलं. मौनाचं दोनच दिवस, कारण मौनाचे फायदे त्यांना कुणाला तरी सांगायचे होते. अनावश्यक वस्तूंच्या त्यागाचं आयुष्य आलं तेव्हा त्यांनी बायकोचा शिवणाचा डबा टाकून दिला.

त्या डब्याबरोबर काकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, धीरही गेला. त्यांनी सरळ सांगून टाकलं की आता हे शेवटचं पुस्तक. घरात आणखी एक नवं आयुष्य सुरू झालं, तर त्या मुलीकडे राहायला जातील, कायमच्या. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. मी त्या बॅगेला वळसा घालूनच घरात शिरलो. आत स्वयंपाकघरातला नळ अकरा महिने गळत होता आणि काकू दिवसातून पाच वेळा खालची बादली ओतत होत्या.

साहेबांनी मला उघडलं. पहिलंच वाक्य होतं, 'कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा.' साहेबांनी डोळे मिटले, "काय खोल लिहिलंय," असं पुटपुटले आणि खाली पेन्सिलीने रेघ मारली. माझा जीव खालीवर झाला. 'फार जोर लावल्यास आटे जातात' याला दोन रेघा. 'जुना वॉशर दुकानात सोबत न्यावा' याच्या समासात त्यांनी लिहिलं, 'भूतकाळ टाकू नये, खिशात ठेवावा.' आकृती चारमध्ये तर त्यांना माणसाचं मन दिसलं. अहो, वॉशर म्हणजे वॉशर, असं मी जीव तोडून सांगत होतो. पण आमचं कोण ऐकतं?

जेवताना त्यांनी काकूंना प्रवचन दिलं. गळती बाहेर नसते, आतल्या एका लहानशा चकतीत असते, ती चकती बदलली की सारं शांत होतं, वगैरे. काकू बादली ओतून येत होत्या. त्या थबकल्या.

"कुठल्या चकतीत?"

"मनाच्या," साहेब म्हणाले.

"बघू ते पुस्तक."

एकतीस वर्षांच्या संसारात काकूंनी पुस्तकं पुष्कळ वाहिली होती. बाजारात जाताना साहेबांची परत करायची, येताना त्यांनी चिठ्ठीवर लिहिलेली आणायची. कार्ड साहेबांच्या नावाचं. स्वतः वाचायला म्हणून त्यांनी एकही हातात घेतलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्या ओले हात पुसून, चष्मा लावून बसल्या. एक ओळ वाचायच्या, उठून नळाकडे बघून यायच्या, पुन्हा वाचायच्या. मला असं आजवर कुणी वाचलं नव्हतं. खरं सांगतो, मी लाजलो.

मग त्यांनी मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि शेजारून पाना मागून आणला.

"अहो, बॅटरी धरा. आणि बोलू नका."

साहेबांनी बॅटरी धरली आणि खरंच बोलले नाहीत. चकती निघाली, झिजून कागदासारखी झालेली. काकू ती मुठीत धरून दुकानात गेल्या, तशीच नवी आणली, बसवली, बेताने आवळली. व्हॉल्व्ह उघडला. एक थेंब पडला नाही.

साहेबांनी माझी आकृती चार काढून नळाशेजारी धरली. मग हळूच म्हणाले, "अगं, म्हणजे हे नळाचंच पुस्तक आहे."

काकू हसता हसता ओटा धरून खाली बसल्या. साहेबही हसले, जरा उशिराने. संध्याकाळपर्यंत बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात गेले होते.

आठवड्याने काकू मला परत द्यायला आल्या. तोवर आम्ही दोघांनी शेजारचे तीन नळ बरे केले होते. हकिकत ऐकून ग्रंथपालबाई ओशाळल्या आणि मला कव्हर बदलायला बाइंडरकडे पाठवायला निघाल्या.

"राहू द्या हो," काकू म्हणाल्या. "वर नळ लिहिलेलं असतं तर आमच्या ह्यांनी ते घरी आणलं असतं का?"

ग्रंथपालबाईंनी मला खाली ठेवलं आणि सवयीने विचारलं की साहेबांसाठी आता कुठलं देऊ.

"त्यांचं ते बघतील. मला माझ्या नावाचं कार्ड काढून द्या," काकू म्हणाल्या. "आणि विजेचं काही आहे का?"

विजेचं पुस्तक गेलं, त्याला आता तीन आठवडे झाले. ते अजून परत आलेलं नाही. मला त्याचा हेवा वाटतो, लपवत नाही. मी पुन्हा त्याच कपाटात आहे, पाठीवर तोच सूर्य घेऊन. कधी आलात तर मला न्या. वाचलंत तर उत्तमच. नाही वाचलंत तर निदान घरात अशा जागी ठेवा, की दुसऱ्या कुणाला मी दिसेन.