उरलेल्या गोळ्या

हैबतरावने उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून एसटीच्या पायरीवर ठेवला, दांडा धरला आणि मग उरलेला हैबतराव वर ओढून घेतला. मागच्या माणसांनी चुकचुक केली. कंडक्टरने घड्याळाकडे पाहिलं. सगळ्यांच्या शेवटी त्याची बायको सरू चढली, काखेत पिशवी धरून, एकेका पायरीवर थांबत.

"तू तरी पुढं चढायचंस की गो," तो म्हणाला.

"तुमाला सोडून कुठं चढू?" असं म्हणून तिने त्याला खिडकी दिली आणि शेजारी बसली.

त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, गेल्या वर्षभरात त्याला सुख म्हणून एवढंच होतं. सरू म्हणजे वारा. लग्न झाल्यापासून ती पुढे आणि हा मागे. वालाच्या शेताकडे निघाली की बांधावरून अशी सुटायची, की गावातली माणसं याला विचारायची, "हैबत, बायको पलाली काय रं?" आता तीच सरू त्याच्या मागून, त्याच्या पायांना सांभाळून, सावकाश चालायची. एवढी माया तिच्यात आहे हे त्याला पाय गेल्यावर कळलं होतं.

गाडीने रोहा सोडलं. कुंडलिका नदीवर अजून धुकं होतं, त्यात धाटावच्या कारखान्यांचा धूर येऊन मिसळला होता, आणि कुठे काय संपतं ते दिसत नव्हतं. हैबतरावचे डोळे मिटले. हल्ली झोप अशी लागतच नसे, नुसतं तरंगल्यासारखं व्हायचं. त्या तरंगण्यात त्याचे पाय चांगले असत. दवाने भिजलेल्या वालातून तो चालत असे, पुढे सरूचं हिरवं लुगडं, आणि हा कितीही भरभर गेला तरी ते तेवढंच लांब. हाक मारावी तर तोंडातून आवाज निघत नसे. तरी वाईट वाटत नसे. पावलांना गार लागतंय, एवढ्यानेच त्याचं पोट भरायचं.

वडखळला गाडी थांबली आणि तो जागा झाला. बाहेर मिठाचे ढीग उन्हात तरंगत होते. तेही स्वप्नातलेच वाटत होते. सरू पिशवीवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसली होती.

"गोळ्या घेतल्यास ना?"

"हायत."

त्या गोळ्यांवरच सगळं होतं. दोन वर्षांपूर्वी रक्त तपासलं तेव्हा हैबतरावच्या रक्तात चरबी निघाली. डॉक्टरांनी बाजारात नवीच आलेली गोळी दिली, काळजाला चांगली म्हणून, आणि खोकं भरून दिली. दिवाळीच्या सुमारास पाय भरून यायला लागले, तशा त्याने त्या आपल्या मनानेच बंद केल्या. पाय काही सुधारले नाहीत. धाटावच्या कंपनीत तो शिडी चढेना, तेव्हा शिफ्टच्या साहेबाने सगळ्यांदेखत त्याला कामचुकार म्हटलं, आणि पुढे घरीच बसवलं. शिमग्यात पेपरात आलं की गोळी बाजारातून काढून घेतलीय, तिने अंगातलं बळ जातं. त्या दिवशी हैबतराव ढसाढसा रडला. पाय गेल्याचं नव्हे, आपण खरे ठरल्याचं रडू होतं ते.

पण त्याने दावा लावला तेव्हा गोळीवाल्या कंपनीने अलिबागच्या ग्राहक मंचात लिहून दिलं की अर्जदाराचं वय झालंय, आणि त्याने आमची गोळी घेतली याला पुरावा नाही. म्हणून वकिलांनी उरलेल्या गोळ्या मागवल्या होत्या. पाकिटावर नंबर असतो. हैबतरावला एवढंच हवं होतं, की त्या मंचाने मोठ्याने सांगावं, हा माणूस कामचुकार नव्हता.

पेणला वकिलांचं ऑफिस माडीवर. हैबतराव कठड्याला लोंबकळत वर पोचला, खुर्चीत बसला, पाणी प्यायला, तरी सरूचा पत्ता नाही. ती आली ती घामाने भिजून. खुर्ची रिकामी होती, पण तिथपर्यंत न जाता ती दारालगतच भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि तिने पिशवी पुढे सरकवली.

वकिलांचं नाव पोपटराव म्हात्रे, पण बोलणं मोजकं. त्यांनी पाकिटं टेबलावर ओतली, एकेक उलटं केलं.

"या तर सगळ्या रिकाम्या."

हैबतराव पुढे वाकला. चंदेरी कागद नीट फोडलेला होता, एकेक गोळी काढून.

"नंबर आहे, तेवढं काम होईल," पोपटराव म्हणाले. "पण अर्जात आपण लिहिलंय, निम्म्याच्या वर उरल्या होत्या. मग या खाल्ल्या कुणी?"

सरूने पदराचं टोक गुडघ्यावर ओढून घेतलं.

"टाकवल्या नाय," ती म्हणाली. "डाक्टर म्हणलावता, काळजाला चांगल्या. तुमी ताटात टाकता तां मीच खाते ना."

ते खरंच होतं. अर्धी भाकरी, गार भात, आदल्या दिवसाची आमटी, जे उरायचं ते तिच्या पोटात जायचं, आणि हैबतरावने त्याचा कधी विचार केला नव्हता.

"कवापरीन खाल्ल्यास?"

"पेपरात आलं तवा संपल्याच व्हत्या."

"आन पाय?"

एसटीची पायरी, आताचा जिना, वर्षभर आपल्या मागे पडणारी तिची पावलं, सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं. ती त्याच्यासाठी हळू चालत नव्हती. तिलाही चालवत नव्हतं. आणि तो त्यात सुख मानून बसला होता.

"बोललीस का नाय गो?"

"एका घरात दोगांनी पडून कसा चालल?"

पोपटराव खाकरले. "हैबतराव, स्पष्टच सांगतो. अर्ज दुरुस्त करून सगळ्या तुम्हीच घेतल्यात म्हटलं तर दावा सरळ आहे. वहिनींचं नाव आणलं, तर ते म्हणणार, या घरात औषध कोण खातं याचाच पत्ता नाही. तुमचं खरं असलेलंही मग टिकेल की नाही, सांगता येत नाही."

"तसांच लिवा सायेब," सरू घाईने म्हणाली. "त्यांनीच खाल्ल्या सगल्या."

एक 'व्हय' म्हणायचा अवकाश होता. हैबतरावला धाटावचं गेट दिसलं, शिफ्टचा साहेब दिसला, शरमेने खाली घातलेली साहेबाची मान दिसली. ते सगळं अगदी हाताशी होतं.

तो खुर्चीतून उठला. टेबल धरून, मग खिडकीचा गज धरून भिंतीपर्यंत गेला, आणि सरूच्या शेजारी धपकन खाली बसला. एकदा जमिनीवर बसला की त्याला आपलं आपण उठता येत नसे.

"अवो, ह्ये काय? आता उठवल कोण तुमाला?"

"लिवा वकीलसायेब," तो म्हणाला. "दोगांनी खाल्ल्या. जां हाय तां लिवा."

पोपटरावांनी लिहून घेतलं. पेनला टोपण लावलं, टेबलाला वळसा घालून आले आणि दोघांसमोर उभे राहिले. आधी कुणाला हात द्यावा ते त्यांना कळेना.

"आदी तिला," हैबतराव म्हणाला.